बरड तुकड्याचा हिशेब आणि डोंगरी गवत
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या बैठकीत गवताचे काय काढले, असे काहींच्या तोंडावर दिसते आहे. काढावे लागते. ज्वारी मागे हटतच होती. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि तिचे शिवार आणखी आक्रसले. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला. पऱ्हाटीच्या काड्या बैल खात नाही. २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. छावणी ज्याला लांब पडली त्याने दावणीची जोडी येईल त्या भावात विकली.

आपल्या प्रत्येकाकडे एखादा मुरमाड, उताराचा तुकडा असतो. त्यावरही आपण सरकी टोबतो. बियाणे, खत, निंदणी सगळे घालतो आणि दोन वेचण्यांत पऱ्हाटी लाल पडते. त्या तुकड्याचा खर्च वेगळा मांडून बघा. चांगल्या रानाने कमावलेले तो खातो. कापूस काढायचा तर तिथला काढा.

तिथे डोंगरी गवत येते. अजिंठ्याच्या डोंगरात, बालाघाटच्या माळावर ते आपले आपण उगवते. ठोंबाने वाढते, बहुवर्षायू आहे, तुऱ्याला तांबूस सोनेरी केस असतात. कुसळीशी त्याची गल्लत करू नका. डोंगर दरवर्षी पेटवला, वर गुरे मोकाट सोडली की चांगली गवते हटतात आणि कुसळी माजते. पाणी धरणाऱ्या काळ्या रानात मात्र डोंगरी लावू नका. तिथे मारवेल बरे.

आता लावायचे कसे? मी पहिल्या वर्षी शहाणपणा केला. कार्तिकात बी ओरबाडून आणले आणि पुढच्या पावसात तिफणीने पेरले, ज्वारीसारखे खोल. काही उगवले नाही. बी हलके आणि केसाळ असते, ते चाड्यातून पडतही नाही. ताजे बी झोपलेले असते, म्हणून काही महिने कोरडे ठेवून पुढच्या मृगात वापरायचे. शेण आणि बारीक मातीत कालवून गोळ्या करायच्या आणि ओल्या जमिनीवर टाकायच्या. वर मातीचा नुसता हात फिरवायचा.

त्याहून खात्रीचे काम ठोंबाचे. जुने बेट खणायचे, वरची पाती वीतभर ठेवून छाटायची, दोन-तीन फुटवे मुळ्यांसकट वेगळे करायचे. पाऊस नीट लागला की उताराला आडव्या ओळीत लावायचे. ओळींत दोन फूट, ठोंबांत दीड फूट. एकराला साडेचौदा हजार ठोंब लागतात. मजुरीचा आकडा मनात आला ना? म्हणून आधी दहाच गुंठे लावा, साडेतीन हजारांवर ठोंबांत भागते. पुढचे ठोंब त्याच बेटांतून निघतील. ओळींच्या मध्ये स्टायलो टाकले तर चारा कसदार होतो.

पहिल्या वर्षी एकही जनावर आत जाता कामा नये. हे सगळ्यात अवघड. शेजाऱ्याची शेळी कुंपण विचारत नाही. कोवळे ठोंब ओढले की मुळासकट येतात. एकदोन निंदण्या द्या, मेलेल्या जागी नांग्या भरा.

दुसऱ्या वर्षापासून कापणी फुलोऱ्यावर. आपण दाणा पिकेपर्यंत थांबतो, तिथेच फसतो. तोवर कस उतरतो, काडी राठ होते, कुसे जनावराच्या तोंडात टोचतात. चार बोटे बुडखा ठेवून कापा, वाळवून गंजी लावा. बियाण्यापुरता एक कोपरा तेवढा पिकू द्या.

हिरव्या मक्याइतका चारा यातून निघणार नाही, तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण एकदा जम बसला की दरवर्षी बियाण्याची पिशवी आणावी लागत नाही. माझ्या बांधावरची जुनी बेटे या पावसात फोडायची आहेत. ज्यांना ठोंब हवे असतील त्यांनी बैठक संपल्यावर नावे द्या, आणि येताना कुदळ व ओले पोते आणा.