एका सतरा अंकी संख्येचे अंतरंग



भर वैशाखात गणितावर व्याख्यान ठेवणाऱ्या चालकांच्या धैर्याचे मला कौतुक वाटते. पण विषय परका नाही. बोईसरला गाडीत बसले की वाणगाव मागे टाकून डहाणू येते. त्या डहाणूस १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीस शाळामास्तरकी केली आणि उरलेला वेळ संख्यांना दिला. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर झाले. मी मात्र आज त्यांची दुसरी एक संख्या घेणार आहे :

१२३४५६७८९८७६५४३२१

अशा संख्यांना कापरेकरांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरील ज्या स्थानकावर ही कल्पना सुचली, त्याचे ते नाव, आजचे डोंबिवली.

ही संख्या म्हणजे नऊ एककांनी बनलेल्या १११११११११ चा वर्ग. असे का, हे पाहण्यास लहान उदाहरण पुरे. १११ ला १११ ने गुणताना १११ च्या तीन ओळी एकेक घर सरकवून मांडाव्या लागतात. उभ्या रकान्यांच्या बेरजा येतात १, २, ३, २, १. उत्तर १२३२१. नऊ ओळी मांडल्या तर मधला रकाना नऊवर थांबतो. हातचा कोठेच येत नाही, म्हणून चढण-उतरण अभंग राहते.

आता अंकांची बेरीज करा. ती ८१ भरते. योगायोग नव्हे, मांडणीत नऊ ओळींत नऊ नऊ मिळून ८१ एककेच होती, आणि हातच्यात एकही गेला नाही. संख्येचे मूळ अवयवही पाहा : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. वर्गसंख्या असल्यामुळे प्रत्येक मूळ संख्या समवेळाच आली.

कोणी म्हणेल, मग दहा एकके घेऊ. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला रकाना दहाचा झाला, हातचा डावीकडच्या नवात मिळाला, तेथेही दहा झाले, पुन्हा हातचा गेला. आठ गडप झाला. मांडणीत शंभर एकके होती, पण अंकांची बेरीज ८२. दर हातच्याला दहा जाऊन एक येतो, म्हणजे नऊ घटतात. दोन हातचे, अठरा घट.

आकृतिबंध सुंदर दिसला म्हणून तो पुढे चालेलच, असे गणित मानत नाही. तो का चालतो हे ज्याला कळले, त्यालाच तो कोठे मोडेल हेही सांगता येते. मूल हातचा विसरले की आपण रागावतो. हातचा म्हणजे काय, हे आपण त्याला कधी दाखवतो का? कापरेकरांपाशी कागद, पेन्सिल आणि चिकाटी होती. तेवढे सामान आपल्या प्रत्येक शाळेत आहे. आज घरी गेल्यावर मुलांसमवेत ही नऊ ओळींची बेरीज मांडा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.