नाशकातील चोरीचे बदलते रूप
वाड्यांच्या नाशकात चोर मातीची भिंत पोखरून आत शिरे. घरफोडी हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता. मात्र वाड्यात सहसा कोणी ना कोणी घरी असे. पुढे सातपूर-अंबडला कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४,८६,०५३ भरली. दिवसा कुलूपबंद असणारे घर, दारची मोटारसायकल व गळ्यातील सोनसाखळी यांवर चोराची दृष्टी वळली. हिसकावून नेणे हा प्रकार १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ अन्वये स्वतंत्र गुन्हा ठरला. तथापि सरकारी आकड्यांत नोंदलेल्या फिर्यादीच येतात. आकडा उतरला म्हणजे चोरी उतरली, असे समजू नये; संकोचाने गिळलेली चोरी चोराच्याच पथ्यावर पडते.