भाजी निवडता निवडता

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्ष, कमिटीचे सर्व सभासद, ज्येष्ठ काका-काकू आणि मागच्या रांगेत मोबाईल बघत बसलेली मुलं, सगळ्यांना नमस्कार.

सांस्कृतिक समितीतली मुलं मला म्हणाली, "काकू, तुम्ही लिफ्टमध्ये गाठून प्रत्येकाला विचारता, अमुक सिनेमा पाहिलात का, तमुक सिरीज बघितली का. त्यापेक्षा दहा मिनिटं स्टेजवरूनच बोला, एकदाच सगळ्यांचं होऊन जाईल." म्हणून उभी राहिले आहे. मी समीक्षक नाही. कॅमेरा कुठे ठेवला होता, पटकथा कशी बांधली होती, हे मला काही कळत नाही. मी भाजी निवडता निवडता बघणारी बाई. पालक असेल तर अर्धा भाग बघून होतो, मेथीची मोठी जुडी असेल तर पुरा. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच दारावरची बेल. त्यामुळे माझं सगळं बघणं तुकड्यातुकड्यांचं.

पण इतकी वर्षं बघून माझी एक साधी कसोटी तयार झाली आहे. सिनेमा कसा होता, हे मी संपल्या संपल्या ठरवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकताना त्यातलं काय आठवतं, ते बघते. काहीच आठवलं नाही, तर वेळ बरा गेला एवढंच. काही आठवलं आणि त्यानं चहा उतू गेला, तर तो सिनेमा चांगला.

सुरुवात जुन्यापासून करते, कारण आज पंचवीस वर्षांचा हिशेब मांडायचा दिवस आहे. आपण इथे राहायला आलो त्याच सुमाराला, म्हणजे 1999 मध्ये, अल्फा मराठी सुरू झालं होतं. तेच पुढे झी मराठी झालं. तेव्हा 'आभाळमाया' लागली की जिन्यातून जाताना एकही संवाद चुकायचा नाही. प्रत्येक दारातून तोच आवाज. सुकन्या कुलकर्णींची सुधा बघताना आपण सगळ्या जणी तिच्या बाजूनं भांडायचो. नंतर 'चार दिवस सासूचे' आलं. त्याचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. माझ्या मुलाची शाळा संपली, कॉलेज सुरू झालं, तरी सासूचे चार दिवस काही संपेनात!

मालिकांना नावं ठेवणं सोपं आहे आणि मीही ठेवते. दाराआडून ऐकणारं एक माणूस प्रत्येक घरात असतंच. बायका झोपतानासुद्धा दागिने काढत नाहीत. स्वयंपाकघरात कटकारस्थानं शिजतात, पण कधी कुणी कणीक मळताना दिसत नाही. एका थोबाडीत मारण्याला तीन वेगवेगळ्या बाजूंनी दाखवतात आणि पुढचं उद्या! पण माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्यासाठी मालिका म्हणजे घड्याळ होतं. अमुक मालिका लागली की औषध, तमुक संपली की जेवण. त्या पात्रांची त्यांना आमच्यापेक्षा जास्त काळजी. तेव्हापासून मालिका बघणाऱ्यांना हसणं मी बंद केलं. मालिकांना मात्र अजून हसते.

आता अलीकडचं. 2023 मध्ये केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' आला. आपल्या बिल्डिंगमधल्या आम्ही अकरा जणी नटूनथटून, गॉगल घालून गेलो होतो, फोटो ग्रुपवर आहेत. त्यात रोहिणी हट्टंगडी आणि सुकन्या मोने दोघीही आहेत. म्हणजे ज्यांना आपण पंचवीस वर्षांपूर्वी घरी बसून बघत होतो, त्यांच्यासाठी आता तिकीट काढून रांगेत उभ्या होतो. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा आणि प्रत्येकीचं काहीतरी मनात दाबून ठेवलेलं. माझं प्रामाणिक मत विचाराल तर शेवट फार सोयीचा आहे. एका स्पर्धेत सहा जणींचे प्रश्न सुटत नाहीत हो. एकीचे सुटले तरी खूप. पण दुसऱ्या दिवशी चहा टाकताना मला माझी धाकटी बहीण आठवली. आईच्या पाटल्यांवरून आमचं बोलणं बंद होतं. मी फोन केला. ती म्हणाली, "तूही पाहिलास वाटतं!" पाटल्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण फोन चालू आहेत. असल्या सिनेमाला मी काय नावं ठेवू?

त्याच वर्षी जानेवारीत परेश मोकाशींचा 'वाळवी' आला होता. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोला मारायचा बेत आखतात, आणि मग एकेक काय होत जातं! तो बघताना माझी मेथी तशीच राहिली. रात्री आमटी-भातावर भागवलं. दुसऱ्या दिवशी मनात काहीही नव्हतं, फक्त मजा आली होती. तेही हवंच की. प्रत्येक सिनेमानं आपल्याला शहाणं करावं असं थोडंच आहे.

एका सिनेमाबद्दल मला माफी मागायची आहे. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'. 2015 मध्ये थिएटरला लागला होता, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं म्हणून आम्ही गेलो, आणि मी चक्क झोपले. कॅमेरा हलत नाही, गाणी तालावर नाचायची नाहीत, तारखांवर तारखा. बाहेर येऊन मी म्हटलं होतं, पैसे वाया. पाच वर्षांनी लॉकडाऊनमध्ये घरी पुन्हा लावला. एका लोकशाहिरावर खटला आहे. आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगारानं जीव दिला. त्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि अगदी साध्या आवाजात तो कसा काम करायचा ते सांगते. रडत नाही, ओरडत नाही. मागे संगीतही नाही. आणि ते सगळं ऐकून कोर्ट पुढची तारीख देतं. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी लोकलनं घरी जातात, स्वयंपाक करतात, अगदी तुमच्या-माझ्यासारख्या. ती बाई काही दुष्ट नाही. मला तेच टोचलं. खलनायिका असती तर मी तिला दोन शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

'सैराट'चंही असंच. 2016 मध्ये आपण सगळ्यांनी पाहिला, काहींनी तीन तीनदा. तेव्हापासून आपल्या गणपती विसर्जनाला 'झिंगाट' वाजलं नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. शेवट झाला तेव्हा थिएटरमध्ये एक माणूस बोलत नव्हता. पण घरी आल्यावर आपण बोललो ते गाण्यांबद्दल. शेवटाबद्दल बोललो नाही. मीही नाही.

लॉकडाऊनमध्ये मुलानं मला 'पंचायत' लावून दिली. फुलेरा नावाचं गाव, शहरातून आलेला तरुण सचिव, रघुबीर यादव, नीना गुप्ता. भांडणं किती लहान, आणि बघायला किती गोड! त्यात सचिव ऑफिससाठी चाकांची खुर्ची आणतो. लगेच गावात कुजबुज, की प्रधानजींच्या खुर्चीपेक्षा सचिवाची खुर्ची उंच कशी? मी पोट धरून हसले. आमच्या यजमानांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "हसतेस काय? तुझ्या कमिटीच्या मीटिंगा आठव."

आता ज्यासाठी मी खरं तर आज उभी राहिले, त्या सिनेमाकडे येते. 'नाच गं घुमा'. 1 मे 2024 ला आला, हाही परेश मोकाशींचाच. मुक्ता बर्वे नोकरी करणारी राणी आणि हास्यजत्रेतली आपली नम्रता संभेराव तिच्याकडे काम करणारी आशा. आशा उशिरा येते, राणी चिडते, तिला काढून टाकते आणि मग राणीच्या घराचं जे काय होतं ते होतं. सिनेमा थोडा आरडाओरड्याचा आहे, काही विनोद ताणलेले आहेत. पण नम्रता संभेरावसाठी बघाच. मी आणि आमचे यजमान खूप हसलो. मला वाटलं, अरे, ही तर मीच!

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मावशी आल्या. बारा वर्षं आमच्याकडे येतात. मी उत्साहानं त्यांना सगळी गोष्ट सांगितली. त्या भांडी घासत ऐकत होत्या, हसत होत्या. राणी कशी तोंडघशी पडते ते सांगितलं तेव्हा तर जास्तच हसल्या. मग हात धुऊन, पदराला पुसत म्हणाल्या, "ताई, त्या बिल्डिंगीत लिफ्ट आहे का हो?"

मला पटकन उत्तरच सुचलं नाही. त्या खवचटपणे बोलल्या नव्हत्या, सहज विचारलं होतं. त्यांचा गुडघा गेल्या वर्षापासून दुखतो. आमचं घर पाचव्या मजल्यावर. आणि आपल्या लिफ्टच्या दाराशेजारी एक नोटीस आहे, तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल, म्हणजे पाहून पाहून आता दिसत नसेल. 'सकाळी 7 ते 10 या वेळेत घरकाम करणाऱ्या व डिलिव्हरी करणाऱ्या व्यक्तींनी लिफ्टचा वापर करू नये.' खाली सेक्रेटरींची सही.

ती सही माझी आहे.

2019 मध्ये मी सेक्रेटरी होते. तेव्हा कारण होतं, नाही असं नाही. लिफ्ट जुनी होती, दोन दिवसांआड बंद पडायची, मुलांच्या शाळेच्या बस चुकायच्या. कमिटीत दोन तक्रारी आल्या, मी नोटीस लिहिली, झेरॉक्स काढून चिकटवली आणि विसरून गेले. पुढे आपण वर्गणी काढून नवी लिफ्ट बसवली. ती बंद पडत नाही, आठ माणसं घेते. जुनी लिफ्ट भंगारात गेली, पण नोटीस जागच्या जागी राहिली. आणि मावशी रोज साडेसातला पाच मजले चढत राहिल्या. बारा वर्षांत एकदाही तक्रार केली नाही. केली असती तर मी काय म्हटलं असतं? नियम सगळ्यांना सारखा, असंच म्हटलं असतं. त्या 'कोर्ट'मधल्या वकीलबाईंसारखं, अगदी शांतपणे. आणि मग घरी जाऊन स्वयंपाकाला लागले असते.

आणखी एक. मावशींना माझं घर आणि सहाव्या मजल्यावरचं घर यांच्यामध्ये तासभर वेळ असतो. तेव्हा त्या जिन्यात बसून डबा खातात. समोर बागेत आपली चार बाकं रिकामी असतात, कारण त्या वेळी आपण सगळे घरात किंवा ऑफिसात. बाकावर बसू नका, असं कुणी त्यांना सांगितलेलं नाही. पण बसा, असंही कुणी सांगितलेलं नाही. फुलेऱ्याच्या खुर्चीला मी पोट धरून हसले, ते आता आठवलं की हसू येत नाही.

मी कुणाला दोष द्यायला उभी नाही. नोटीस मीच लिहिली, त्यामुळे दोष द्यायचा तर घरातच आहे. शिवाय सकाळच्या गर्दीची अडचण खरी आहे, आठ ते सव्वाआठमध्ये शाळेच्या मुलांना आधी जाऊ द्यावं, हे मलाही पटतं. पण ते सांगायला नोटीस लागत नाही, तोंड पुरतं. मुलं रांगेत असतील तर मीही थांबते, मावशीही थांबतील. फरक एवढाच, की मग दोघी शेजारी उभ्या राहून थांबू.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे, की ती नोटीस काढावी आणि बागेतली बाकं सगळ्यांसाठी आहेत, असं आपल्या वॉचमनकाकांना आणि मावशींना आपण होऊन सांगावं. विरोध करायचा असेल त्यांनी जरूर करावा, चर्चा होऊ दे. फक्त सभेला या. आपल्याकडे गणपूर्तीसाठी अर्धा तास वाट बघावी लागते, हे माजी सेक्रेटरी म्हणून मला चांगलं माहीत आहे!

परवा मी मावशींना म्हटलं, उद्यापासून माझ्याबरोबर लिफ्टनं या, मी खाली दूध घ्यायला येतेच. त्या म्हणाल्या, "नको ताई, तुमच्यावर कुणी बोलेल." म्हणजे माझी सही माझ्याच आड आली.

असो. काय बघू, असं कुणी विचारलंच, तर हसायचं असेल तर 'वाळवी', बहिणीशी भांडण असेल तर 'बाईपण', धीर असेल तर 'कोर्ट', तोही झोप झालेली असताना. 'नाच गं घुमा' घरात ज्या कामाला येतात त्यांच्यासोबत बसून बघा. त्यांनाही खुर्ची द्या. आणि मध्ये कुठे त्या हसल्या नाहीत, ते लक्षात ठेवा.

जेवण तयार आहे, असं मागून खुणावत आहेत. पंचवीस वर्षं एका छपराखाली काढली, पुढचीही अशीच भांडत, हसत, एकमेकांना सिनेमे सुचवत जावोत.