परदेशातले बिऱ्हाड

परदेशी राहायला जायचे म्हटले की आपण मोठ्या नवलाईची तयारी ठेवतो. पण श्रोतेहो, एकदा बिऱ्हाड मांडले की माणसाला चकित करतात त्या अगदी साध्या गोष्टी. फ्रान्समधल्या ल्यों शहराचेच पाहा ना. रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावरचे हे गाव.

तिथे पहिला धडा मिळतो तो पाववाल्याच्या दुकानात. आपण वाण्याकडे गेलो की 'अर्धा किलो साखर द्या' इथूनच बोलणे सुरू होते. तिथे तसे चालत नाही. आधी 'बाँझूर' म्हणायचे, मग पाव मागायचा. घाई केलीत तर दुकानदारीण शांतपणे तुम्हालाच 'बाँझूर' म्हणेल आणि उत्तराची वाट पाहील!

महिन्याच्या पहिल्या बुधवारी, भर दुपारी बाराला भोंगा होतो. नव्याने आलेल्या गृहिणीच्या पोटात गोळाच उठतो. शेजारीण मात्र निवांतपणे कुंड्यांना पाणी घालीत असते. संकटकाळच्या इशाऱ्याची ती नेहमीची चाचणी, एवढेच.

आणि ८ डिसेंबरची संध्याकाळ! १८५२ साली फूर्वियेरच्या टेकडीवर मेरीमातेचा पुतळा बसवला, तेव्हा लोकांनी खिडक्यांत दिवे लावले. ती रीत आजही चालू आहे. दिवाळीनंतर डब्यात ठेवलेल्या पणत्या मराठी घरातून त्या दिवशी पुन्हा बाहेर निघतात, आणि शेजाऱ्यांना त्यात काही वेगळे वाटत नाही.

खरी नवलाई मात्र मुले शाळेतून आणतात. तिथे २०१९ पासून तिसऱ्या वर्षीच शाळा सक्तीची झाली आहे. पोर अंक शिकून येते आणि सांगते, सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस', नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा'. आई हसते, पण फोनवरची आजी मुळीच हसत नाही. ती म्हणते, "त्यात काय मोठेसे? आमच्या गावची म्हातारी माणसे विसांनीच मोजायची. चार विसा म्हणजे ऐंशी!"

इथवर सारे गमतीचे. पण पुढे एक गोष्ट हळूच घडते. पोर घडाघडा फ्रेंच बोलू लागते आणि आई अजून शब्द जुळवीत असते. मग कचेरीतून आलेले पत्र पोर वाचून दाखवते, दवाखान्यात पोरच दुभाष्या होते. घरातली वडीलकी उलटी फिरते. आठ वर्षांच्या मुलाने आईचे दुखणे डॉक्टरला समजावून सांगावे, हे ओझे त्याच्या वयाचे नव्हे, बरे का! आणि त्याच सुमारास मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर फ्रेंचमध्ये येऊ लागते.

म्हणून अशा घरात दोन कामे एकदमच करावी लागतात. आईने वही घेऊन फ्रेंच शिकायला बसावे, म्हणजे मुलाच्या पाठीवरचे ओझे उतरेल. आणि मराठीसाठी मुलाला रागे भरू नये. गोष्ट, लाड, भांडण आणि आजीचा फोन एवढे तरी मराठीत राहू द्यावे. जी भाषा घरात रोज कामाला येते, तीच मुलाजवळ टिकते. तुमचे कुणी परदेशी असेल, तर येत्या रविवारी सुनेशी बोलून झाल्यावर फोन नातवाकडे द्यायला सांगा, आणि त्याला विचारा: "बाळ, तीन विसा म्हणजे किती रे?"