थांबलेल्या तासांची वही



निमंत्रणपत्रिकेवर आजच्या भाषणाचा विषय छापला आहे, ‘मालवाहतुकीतील संधी’. पण दिल्लीतल्या आपल्या मराठी शाळेच्या या सभागृहात पाऊल टाकलं की इथल्या माजी विद्यार्थ्याला संधी आठवत नाहीत, भूगोलाच्या बाई आठवतात. तेव्हा एकाच बाकावर सेक्रेटरिएटमधल्या कारकुनाचा मुलगा आणि सोनं-चांदी गाळायला विटा-खानापूरकडून करोलबागेत आलेल्या गलाईवाल्याचा मुलगा मांडीला मांडी लावून बसायचे. गल्लीत हिंदी, वर्गात मराठी. बाई नकाशा टांगायच्या आणि विचारायच्या, लासलगावचा कांदा आझादपूर मंडीत कसा येतो? मग सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा: धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा. सहलीला निघालं तरी बाईंची सक्ती असायची, वहीत लिहा. गाडी किती वाजता सुटली, कुठे थांबली, किती वेळ थांबली. तो नकाशा आणि ती वही डोक्यात घेऊनच एक मुलगा पुढे ट्रान्सपोर्टच्या धंद्यात शिरला आणि आज पाहुणा म्हणून इथे उभा आहे.

सांगायचं आहे ते मात्र दुसऱ्याच एका मुलाबद्दल. तोही याच शाळेचा. त्याचं नाव घेत नाही, कारण त्याची आई समोर बसली आहे.

बारावीनंतर त्यानं ट्रक चालवायचं ठरवलं. घरी रडारड झाली. कायद्यानं मालवाहू गाडीसाठी वय 20 पूर्ण लागतं आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन्स किमान वर्षभर जवळ असावं लागतं. तेवढा काळ तो क्लीनर म्हणून उस्तादाच्या शेजारी बसला, टायर बदलले, ताडपत्री बांधली. डोळ्यांसमोर होती मुंबई लाइन, न्हावाशेवा, चौदाशे किलोमीटरचा रस्ता. हातात आलं लोकल: तुघलकाबादचा कंटेनर डेपो ते मानेसरचे कारखाने, फेरी पन्नास किलोमीटरच्या आसपास. महिन्याचा पगार बेताचा, वर फेरीमागे भत्ता. फेऱ्याच कमी, तर भत्ता कुठून वाढणार? तो म्हणतो, ‘काका, लायसन्स हेवीचं आणि कमाई रिक्षाएवढीही नाही.’

त्याची एक रात्र पाहा. संध्याकाळी ट्रेलर डेपोच्या रांगेत लागतो. कंटेनर चढतो, सीलचा नंबर कागदाशी ताडून पाहिला जातो, एक आकडा जुळला नाही तर गाडी बाजूला. कागद हातात आले तरी शहरात नो एंट्री. जड गाड्यांना रस्ता रात्रीच मोकळा होतो. पहाटे कारखान्याच्या गेटवर पोचावं, तर तिथं आधीच रांग. गाडी खाली व्हायला दुपार. स्टिअरिंगवर दोन-तीन तास, बाकी सगळा वेळ थांबण्यात. हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी येते, मग फेरीच नाही.

मालकाची बाजूही खोटी नाही. लाखो रुपयांचा ट्रेलर आणि त्याहून महाग माल नव्या पोराच्या हाती देऊन त्याला घाटात पाठवायला कोण धजेल? शिवाय अरुंद गल्लीतून ट्रेलर रिव्हर्स घेणं आणि कागद सांभाळणं लोकलवरच शिकता येतं. आणि छोट्या फेरीत कमीपणा नाही. 2014 साली गुरुग्राममध्ये सुरू झालेल्या रिव्हिगो कंपनीनं लांबचा रस्ताच तुकड्यांत वाटला. एका ड्रायव्हरनं चार-पाच तास गाडी हाकायची, ठरल्या नाक्यावर दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि उलट दिशेची गाडी घेऊन घरी परतायचं. 2022 मध्ये त्यांचा एक्स्प्रेस मालाचा धंदा महिंद्रा लॉजिस्टिक्सनं घ्यायचं ठरवलं. पण छोट्या फेऱ्यांत लांबचा मालही पोचतो आणि माणसाला रोज घरी झोपता येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

मग दुखणं कुठे आहे? थांबण्यात. 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यानं दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, हे चांगलं झालं. पण 2025 पर्यंत लागू असलेल्या त्याच कायद्यातल्या कामाच्या तासांच्या व्याख्येत टर्मिनलवर नुसतं हजर राहणं 15 मिनिटांच्या आतलं असेल तरच मोजलं होतं. रात्रभर रांगेत बसलेल्या ड्रायव्हरचं काय? माल पाठवणाऱ्याकडून मालक हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, मागू शकतो. त्यातलं ड्रायव्हरच्या हाती काय पडतं, हे मालकाच्या मनावर.

म्हणून मुलांनो, वही ठेवा. ट्रक चालवा, बँकेत बसा, दुकान टाका, पण आपले तास आपल्या हातानं लिहा. कामाचे लिहा, थांबण्याचे त्याहून नीट लिहा. ज्याच्याकडे वही नाही त्याला ‘परवडत नाही’ एवढंच म्हणता येतं आणि त्यावर कोणी भाव ठरवत नाही. त्या मुलानं वही ठेवली. गेटवर आल्याची वेळ, आत गेल्याची, गाडी खाली झाल्याची. महिनाअखेर ती मालकासमोर ठेवली. पगार वाढला नाही. पण रात्रीच्या थांब्याचा भत्ता सुरू झाला आणि जयपूरच्या फेरीसाठी त्याचं नाव यादीत आलं.

ड्रायव्हिंग हा शिकलेल्यांचा धंदा नाही, असं पालक म्हणतात. पण योगिता रघुवंशी पाहा, मूळच्या आपल्या नंदुरबारच्या. त्यांच्याकडे कायद्याची पदवी आहे. पतीच्या निधनानंतर भोपाळहून त्यांनी स्वतः ट्रक हाकला आणि मुलांना वाढवलं.

सकाळी तुम्हाला इथे आणणारे बसचे ड्रायव्हर काका मघापासून दाराशी उभे आहेत. स्वयंसेवकांनो, त्यांना पुढे खुर्ची द्या. मुख्याध्यापिका बाई, पुढच्या वर्षी करिअर मार्गदर्शनाला इंजिनिअर बोलवाल तेव्हा यांनाही बोलवा.

आणि वहिनी, तुम्ही फोनवर सांगितलं होतं की तुमच्या मुलाला ट्रकचं काम सोडायला सांगा. ते काही आज सांगणार नाही. नव्याने बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये 2025 पासून एसी सक्तीचा झाला आहे, तशी गाडी त्याला मिळेपर्यंत त्याचे उन्हाळे कठीण जातील, हे खरं. जयपूरची पहिली फेरी तो करून आला की त्याची वही एकदा मागून घ्या आणि त्याच्याशेजारी बसून वाचा.