छाप्याआधीचे कापड

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



क्रीडादिनी मैदानावर उतरणाऱ्या मुलांच्या पाठीवर हल्ली नाव आणि क्रमांक असतो. चार धुण्यांनंतर एखाद्या नावाची वेलांटी उडते, एखाद्या आठाची कड सुटून वर येते. दोष यंत्राला दिला जातो. बहुतेक वेळा तो दोष कापड यंत्राखाली जाण्यापूर्वीच घडलेला असतो.

बेंगळुरूच्या मराठी घरांना ही गोष्ट नवी वाटू नये. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी या शहरात आली आणि कापडाच्या धंद्यातील कुटुंबांनी ती घरात टिकवली. भावसार क्षत्रिय समाजाची परंपरागत कामे दोन, रंगाऱ्याचे आणि शिंप्याचे. जुना रंगारी कोऱ्या कापडावर कधीच ठसा उमटवीत नसे. आधी धुऊन खळ काढायची, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, उन्हात वाळवायचे आणि त्यानंतर तुरटी लावायची. ठसा उमटवण्याचे काम क्षणाचे, तयारी मात्र दिवसांची.

पीण्यातील कारखान्यात किंवा एखाद्या पालकाच्या घरातील लहानशा हीट प्रेसवर काम करणाऱ्यालाही याच वाटेने जावे लागते. नव्या टी-शर्टवर मऊपणासाठी दिलेला लेप असू शकतो, आणि धुलाईत सॉफ्टनर वापरला असेल तर तोही धाग्यावर बसतो. चिकटद्रव्याला तिथे पकड मिळत नाही. म्हणून कापड साध्या साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून घेणे बरे. ‘वाळलेले’ हा शब्दही फसवा आहे. प्रमाणित हवामानात सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरतो, पॉलिएस्टर अवघे ०.४ टक्के. बेंगळुरूच्या पावसाळ्यात सुती टी-शर्ट हाताला कोरडा लागला तरी आत ओल असते. ती वाफ होऊन चिकटणाऱ्या थराखाली अडकते. यास्तव अक्षर ठेवण्याआधी रिकामे कापड ३ ते ५ सेकंद दाबून घेतात. त्याने ओल जाते आणि चुण्याही मोडतात. धूळ व तंतू चिकट रूळाने टिपायचे असतात, कारण अक्षराखाली राहिलेला एक केस उघड्या डोळ्यांना दिसतो.

गुंड्या, चेन आणि जाड शिवण यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्यामुळे वरचा तवा अधांतरी राहतो आणि शेजारच्या सखल भागावर दाब पोहोचत नाही. अक्षराखालच्या जागेपुरती उशी आत सरकवली, म्हणजे शिवण बाजूला खाली राहते.

खरी परीक्षा लाल जर्सीची. पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने वायुरूप होऊन वर चढतो. पांढरा क्रमांक छापताना शुभ्र दिसतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, गुलाबी पडतो. तोपर्यंत माल पोहोचलेला असतो. शंभर जर्सी आपल्या पैशाने विकत घेऊन घरी काम करणाऱ्या गृहिणीची सगळी मिळकत त्या गुलाबी छटेत बुडते, शिवाय पुढची मागणीही जाते. नेहमीच्या व्हिनाइलला साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस आणि १० ते १५ सेकंद लागतात. अशा कापडासाठी कमी तापमानावर चिकटणारा, रंग अडवणारा थर असलेला पत्रा घ्यावा. एकच जर्सी छापून, दोन-तीन दिवस ठेवून पाहावी. मागणी देणाऱ्या शाळेने तेवढी मुदत द्यावी, ही अपेक्षा गैर नाही.

छापल्यानंतर वरचा कागद केव्हा काढायचा, हे पत्र्यावर अवलंबून असते. काही गरम असतानाच सोलतात, काही पूर्ण थंड झाल्यावर. इथे देवनागरीची एक अडचण आहे. शिरोरेषेने शब्द एकसंध राहतो, पण अनुस्वार सुटा असतो, आणि तो इवलासा ठिपका कागदाबरोबर सहज निघून येतो. यंत्रावरच्या कानडी कारागिराला ‘संत’चे ‘सत’ झालेले कळावे कसे? अशा वेळी मराठी वाचणारे कोणीतरी जवळ असावे. तो ठिपका जागच्या जागी बसला आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे.

नंतर टेफ्लॉनचा कागद ठेवून पुन्हा काही सेकंद दाब दिला जातो. तव्याच्या कडेचा चौकोनी वळ दूरून दिलेल्या वाफेने बहुधा जातो. सुती कापड पिवळे पडले असेल तर मात्र ते डाग राहतातच. लोंबते दोरे कापावेत. टी-शर्ट गरम असताना एकावर एक रचू नयेत, घडीत छाप छापाला टेकत असेल तर मध्ये कागद घालावा. पहिली धुलाई २४ तासांनंतर, आतली बाजू बाहेर करून, थंड पाण्यात. वाळवणे सावलीत. इस्त्री उलट बाजूने करावी, अक्षरांवर थेट कधीच नाही.