हे कोण बोलतंय?

मंडळी, समोर प्राध्यापक आहेत, पालक आहेत आणि मागे कॉलेजची मुलं बसली आहेत. आजचं माझं बोलणं मुख्यतः त्या मागच्या रांगांशी आहे. प्रकल्प किंवा शोधनिबंध लिहायची वेळ आली की तुमच्यापुढे व्याकरण, संदर्भ आणि समीक्षेच्या संज्ञा अशी तीन ओझी ठेवली जातात. माझ्या मते तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हे कोण बोलतंय?

ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती आधी सोडा. साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम आणि १९७२ची भर मिळून अवघे १८ नियम आहेत. मनावर घेतलं तर आठवड्यात अंगवळणी पडतात. खरी गोची वाक्यात असते. निबंधांत हटकून भेटणारं हे वाक्य घ्या: ‘नटसम्राट हे श्रेष्ठ नाटक मानले जाते.’ कोण मानतं? समीक्षक, प्रेक्षक की तुम्ही? यात कर्मणी प्रयोगाचा काही गुन्हा नाही. ‘शिरवाडकरांनी नाटक लिहिले’ हेही कर्मणीच, पण तिथे कर्ता तृतीयेत का होईना, हजर आहे. ‘मानले जाते’मध्ये तो गायब आहे. मानणाऱ्याचं नाव घाला, नाहीतर सरळ ‘मला वाटते’ लिहा आणि का वाटतं ते सांगा. ‘मी’ लिहिल्याने निबंध हलका होत नाही.

नाव घातलंत की संदर्भ आलाच. मुलं विचारतात, किती टक्के चालतं? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे सर्वांना पाठ असतं. पण उचललेला विचार एका वाक्याचा असला तरी तो दुसऱ्याचाच. हा विवेक आपल्याला परका नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा माणसांना भेटून, विचारून गोळा केल्या. पुढे लीळाचरित्राच्या पोथ्यांत हिराइसेसारख्यांच्या नावानिशी वेगळे पाठ जपले गेले. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. दुसऱ्याचा शब्द दुसऱ्याच्याच नावावर राहावा यासाठी केवढी ही काळजी!

आता संदर्भ लिहिण्याच्या एमएलए आणि एपीए या पद्धती. दोन्ही इंग्रजी ग्रंथव्यवहारात घडल्या, म्हणून मराठी पुस्तक हाती घेतलं की अडायला होतं. आपल्या नाशिकचंच उदाहरण पाहा. ‘विशाखा’वर नाव कुसुमाग्रजांचं, ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकरांचं, माणूस एकच. मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षकपानावर जे नाव आहे ते लिहा, दुसरं चौकोनी कंसात द्या. वर्षाचंही तसंच. समजा, हाताशी ‘विशाखा’ची २०१५ची प्रत आहे आणि तुम्ही ‘(कुसुमाग्रज, २०१५)’ लिहिलंत. पण कुसुमाग्रज तर १९९९मध्येच गेले! एपीएची सातवी आवृत्ती यावर वाट देते: ‘(कुसुमाग्रज, १९४२/२०१५)’. पहिलं प्रकाशन कधीचं आणि तुमच्या हातातली प्रत कधीची, दोन्ही कळतं. काही जुन्या पुस्तकांवर फक्त शक असतो. त्यात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८३३चा चैत्र १९११मध्ये येतो आणि फाल्गुन १९१२मध्ये. महिना छापलेला नसेल तर ‘१९११-१२’ लिहा. अंदाजाने एकच वर्ष ठोकू नका. ज्ञानेश्वरीला पानाऐवजी अध्याय आणि ओवीचा क्रमांक द्या, म्हणजे कुठल्याही प्रतीत ओवी शोधता येते. पाठ बदलतो, म्हणून प्रत कोणती तेही सांगा. तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक तर गाथेगणिक वेगळे असतात, तिथे गाथेचं नाव हवंच. सार्वजनिक वाचनालयात जा, एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहा. पान क्रमांक एकटा का पुरत नाही ते लगेच कळेल.

संज्ञांच्या याद्या मात्र पाठ करू नका. प्रतिमा, प्रतीक, निवेदक हे शब्द वापरले नाहीत तरी चालेल, पण आवाज कुणाचा ते चुकता कामा नये. ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर मुलांना सगळं देऊन बसतात आणि मग पोरके होऊन बोलतात. ते बोल उचलून विद्यार्थी लिहितो, ‘शिरवाडकरांचा नव्या पिढीवर विश्वास नव्हता.’ अरे, हे पात्राचं दुःख आहे! त्यातही पात्र नटाचं. त्याच्या जिभेवर जुन्या भूमिका आहेत. प्रसिद्ध स्वगतावर हॅम्लेटची छाया आहे, कथेमागे किंग लिअर आहे. शेक्सपिअर, शिरवाडकर, बेलवलकर, आणि १९७०पासून रंगमंचावर उभे राहिलेले डॉ. लागूंसारखे नट: एकाच संवादात इतके आवाज. आपण यातल्या कुणाबद्दल लिहितोय ते वाक्यात दिसू द्या. ‘बेलवलकर म्हणतात’ असं लिहिलंत की पुढे विचारता येतं, शिरवाडकरांनी हे याच माणसाच्या तोंडी, याच प्रवेशात का घातलं असेल? या प्रश्नाला निबंधाची चार पानं द्या. लेखकाचं चरित्र अर्ध्या परिच्छेदात आटपलं तरी चालेल.